बाबा काय काय करायचे ते लिहा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय इतक्यांदा आलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. घरातला कर्ता माणूस गेलाय, त्याच्याबद्दल काहीतरी लिहून ठेवायचंय आणि लिहायला बसलं की चार ओळींच्या पुढे गाडी जात नाही, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. मला हा प्रश्न फार जवळचा वाटतो म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदूरचेच, आधी पाटनीपुऱ्याजवळ राहायचो, आता राजेंद्र नगरला. बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमणार तेव्हा एक छोटी पुस्तिका वाटायची असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. दादाने मजकूर लिहिलाय पण तो वाचून मला काहीच वाटलं नाही, प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल वगैरे, कोणाच्याही बाबांना चालेल असा. बाबा मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा आम्ही शाळेत होतो, मग ते सियागंजात एका दुकानात हिशेब लिहायला जायचे. कुठलं पद नाही, सत्कार नाही, पेपरात नाव नाही. घर आणि आम्ही, बस. अशा माणसाबद्दल सोळा पानं काय लिहायची?

उत्तर : दादावर रागावू नका, पहिल्या वर्षात सगळ्यांचं असंच होतं, मन भरलेलं असतं आणि हाताशी शब्द तेवढे श्रद्धांजलीच्या जाहिरातीतले येतात. पण तुम्ही म्हणताय ते खरंच आहे, ‘कष्टाळू’ वाचून तुमचे बाबा डोळ्यांसमोर येत नाहीत. म्हणून माझं सांगणं एवढंच, बाबा कसे होते ते बाजूला ठेवा आणि बाबा काय काय करायचे ते लिहा. सकाळी उठल्यापासून रात्री कडी लावेपर्यंत. किती वाजता उठायचे, आधी काय करायचे, सायकल कुठे ठेवायचे, डब्यात काय न्यायचे, पगार झाला की घरी काय घेऊन यायचे, कोणाच्या हातात द्यायचे. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या पहाटे घरात कोण उठायचं हे लिहिलंत तरी अर्धं पान होईल, आणि ते पान फक्त तुमच्याच बाबांचं असेल.

आता मिलबद्दल. तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, मला वाटतं पुस्तिकेतला सगळ्यात मोठा भाग तोच असायला हवा. इंदूरमध्ये हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी अशा मिल्स होत्या, तो सगळा भाग भोंग्यावर चालायचा, आणि त्या एकेक करून बंद झाल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये निकाली निघाले ते २५ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोपर्यंत कितीतरी कामगार गेले होते आणि पैसे त्यांच्या बायकांना, मुलांना मिळाले. तुमच्या बाबांची मिल कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कुठलीही असो, त्या बंद पडण्यानंतरच्या वर्षांत त्यांनी घर कसं चालवलं हीच त्यांची कर्तबगारी आहे हो. पद नाही म्हणताय, अहो पगार अचानक थांबलेल्या घरात मुलांची शाळा न थांबणं हे काय कमी आहे का? त्या वर्षी फी कुठून आली, आईचं काय मोडलं, कोणाकडून उसने घेतले आणि कधी फेडले, मिलमध्ये मशीनवर उभं राहिलेला माणूस हिशेबाच्या वहीसमोर मांडी घालून बसायला कसा शिकला, हे सगळं विचारा. घरच्या अडचणी छापायच्या कशाला असं एखादे काका म्हणतील, म्हणू दे. फक्त ज्यांनी पैसे दिले त्यांना आधी विचारा, नाव नको असेल तर ‘एका शेजाऱ्यांनी’ असं लिहा.

माहिती कुठून मिळवायची तेही सांगते, कारण आठवणीवर सोडलं तर वर्षं पुढेमागे होतात आणि मग भावंडांत वाद सुरू. बाबांची जुनी फाईल काढा, प्रत्येक मिल कामगाराच्या घरी ती असतेच, प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटाच्या वर. त्यात पीएफच्या स्लिपा सापडतील, थकबाकीच्या दाव्याचे कागद असले तर टोकन नंबर, मिलमधलं खातं म्हणजे विभाग, कामाला लागल्याची तारीख मिळेल. बीमा अस्पतालचं, म्हणजे कामगार विमा योजनेच्या दवाखान्याचं, कार्ड असेल तर त्यावर घरातल्या माणसांची नावं असतात, कधीकधी तिथे आजीचंही नाव दिसतं आणि मग कळतं की आजी त्यांच्यावर अवलंबून होती. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, घराच्या हप्त्याच्या पावत्या, किराण्याची डायरी. किराण्याची डायरी मिळाली तर सोनं समजा, त्यातलं एखादं पान जसंच्या तसं फोटो काढून छापा, त्या महिन्यात तेल किती आणलं, साखर किती, आणि दिवाळीच्या महिन्यात काय वाढलं हे बघून नातवंडांना जे समजेल ते आपण दहा पानं लिहून समजावू शकत नाही.

मग माणसं. आईला आधी विचारा, पण सगळ्यांसमोर नको. दुपारी जेवणं झाल्यावर एकटीने तिच्याजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा, तिला सांगून करा, आणि अर्ध्यापाऊण तासात थांबा, थकेपर्यंत बोलायला लावू नका, दुसऱ्या दिवशी परत बसता येतं. ‘बाबांबद्दल काहीतरी सांग ना’ असं म्हणालात तर ती ‘फार चांगले होते गं’ म्हणून पदर डोळ्याला लावेल. त्यापेक्षा विचारा, मिल बंद झाल्याचं तुला कोणी सांगितलं, त्या दिवशी स्वयंपाक काय केला होता, बाबा घरी आल्यावर काय बोलले. छोटा प्रश्न विचारला की मोठी गोष्ट बाहेर येते. आईनंतर बाबांच्या मिलमधले दोस्त, त्यांच्यापैकी जे आहेत त्यांच्याकडे लवकर जा, वर्षश्राद्धाची वाट बघू नका, सगळे सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले असणार. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, त्या रात्रींबद्दल विचारा, इंदूरमधल्या कुठल्याही जुन्या कामगाराला झांकीबद्दल विचारलं की त्याचा चेहरा बदलतो. कदाचित बाबा झांकीच्या तयारीला रात्र रात्र थांबत असतील आणि तुम्हाला फक्त खांद्यावर बसून बघितल्याचं आठवत असेल. सियागंजातल्या दुकानाच्या शेठजींनाही भेटा. घरात न बोलणारे बाबा दुकानात मुलींच्या मार्कांबद्दल सगळ्यांना सांगत सुटायचे असं कळलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आपल्या पिढीच्या वडिलांचं असंच असायचं, कौतुक घराबाहेर.

सोळा पानांचं काय, भरतील, उलट काढावं लागेल. मांडणी अगदी साधी ठेवा. पहिल्या पानावर फोटो आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, मूळ गाव, आईवडिलांची नावं, भावंडं, कारण पन्नास वर्षांनी कोणी शोधायला बसलं तर त्याला हेच लागणार. पुढे वर्षांच्या क्रमाने लिहायलाच पाहिजे असं नाही. एक पान आईचं, तिच्याच शब्दांत, व्याकरण सुधारू नका, ती इंदूरची मराठी बोलते तर तशीच राहू द्या, मध्ये हिंदी आलं तर येऊ द्या, आपण घरात बोलतो तशीच. एक पान दादाचं. दादाने लिहिलंय ते फेकू नका, फक्त त्याला म्हणा की ‘कष्टाळू’ लिहिलंयस ना, तर तुला कुठला दिवस आठवतोय तो लिही, आणि तो लिहील बघा, त्याच्याकडे तो दिवस नक्की आहे म्हणून तर तो शब्द सुचला. आणि सुना-जावयांना विसरू नका, ते घरात नंतर आले म्हणून त्यांना तुम्हाला न दिसणाऱ्या गोष्टी दिसलेल्या असतात.

एक काळजी मात्र घ्या. बाबांनी घरासाठी सगळं सोडलं असं लिहिताना आईने काय सोडलं ते राहून जाऊ देऊ नका. मिल बंद झाल्यावर पापड लाटले असतील, डबे केले असतील, शिवणकाम घेतलं असेल. बाबांच्या पुस्तिकेत तिच्या कामाची नोंद असली तर बाबा त्यामुळे लहान होत नाहीत, आणि माझी खात्री आहे की बाबांना ते आवडलं असतं.

प्रश्न : माझे आजोबा होळकर संस्थानच्या नोकरीत होते असं घरात सांगतात. त्यांची काही पत्रं आहेत, मोडीत, कोणाला वाचता येत नाही. फोटो जुन्या चिकट अल्बममध्ये आहेत, काही पिवळे पडलेत. आजोबांनी वडील गेल्यावर धाकट्या चार भावंडांची शिक्षणं, लग्नं केली आणि मग स्वतःचं लग्न केलं. माझी मुलं बंगलोरला, त्यांना मराठी बोलता येतं पण वाचायचा कंटाळा. हे सगळं जपायचं कसं आणि त्यांच्यापर्यंत पोचवायचं कसं?

उत्तर : आधी पत्रं. त्यांना लॅमिनेशन अजिबात करू नका, सेलोटेपही लावू नका, दोन्हीने कागद कायमचा बिघडतो आणि परत काढता येत नाही. घडी हळूच उघडा, खिडकीपाशी उजेडात, फ्लॅश न वापरता प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मग पत्रं सपाट करून चांगल्या कागदात ठेवा, पावसाळ्यात ओल येणार नाही अशा जागी. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, महाराष्ट्रात मोडीचे वर्गसुद्धा चालतात, आणि फोटो पाठवून लिप्यंतर करून मिळतं, पैसे पानामागे घेतात. आधी एकच पान पाठवून बघा. पत्रात संस्थानचं राजकारण निघेल अशी आशा धरू नका, बहुतेक घरगुती पत्रांत तब्येत, मनिऑर्डर, कोणाची परीक्षा, कोणाचं स्थळ हेच असतं, आणि तुम्हाला हवं ते तेच तर आहे. चार भावंडांची लग्नं करणारा माणूस कसा विचार करत होता ते त्या मनिऑर्डरच्या आकड्यांत दिसेल.

चिकट अल्बममधून फोटो ओढून काढू नका, चर्रकन फाटतात. आधी अल्बममध्ये आहे तसाच प्रत्येक पानाचा फोटो घ्या म्हणजे काही झालंच तर निदान तेवढं राहील, मग दात साफ करायचा बारीक धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा, बरेचसे निघतात. जे निघत नाहीत त्यांना जबरदस्ती नको. स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआयला करा, म्हणजे मोठा करून छापता येतो. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते, मऊ पेन्सिलने कडेला हलक्या हाताने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. आणि मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तो नीट वाचा, त्यावरून फोटो कुठल्या गावचा आणि साधारण कुठल्या काळातला याचा अंदाज येतो. नावं मात्र आजच लिहा. घरात आत्या किंवा काकू असेल जिला फोटोतली सगळी माणसं ओळखता येतात तर हा रविवार तिच्याकडे घालवा.

आजोबांच्या आधीच्या पिढ्या शोधायच्या असतील तर तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे का ते बघा, आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात, घरातलं कोण कधी आलं होतं ते सहीसकट मिळतं. कुलवृत्तांतात एक मोठी कमी असते, पुरुषांची शिक्षण-नोकरी येते आणि बायकांचं फक्त लग्न. आजोबांनी ज्या बहिणींची शिक्षणं केली त्या पुढे काय झाल्या हे त्यात नसेल, ते तुम्ही लिहा, आजोबांच्या कामाचं फळ तिथे आहे.

मुलांचं म्हणाल तर लिहिलेलं पाठवूच नका, बोलून पाठवा. एका फोटोबद्दल तीन-चार मिनिटं, तुमच्या आवाजात. व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी मूळ रेकॉर्डिंग वेगळं साठवा, फोन बदलला की व्हॉट्सॲपवरचं बरंच काही जातं, कितीजणांनी आईवडिलांचा आवाज असाच घालवलाय. मुलं हिंदी वाचत असतील तर देवनागरी येतेच, मोठ्या टाइपात छोटी वाक्यं दिलीत तर मराठीही वाचतील. त्यांना कंटाळा मराठीचा नसतो, लांबलचक परिच्छेदांचा असतो.

प्रश्न : माझे मिस्टर गेले. सगळे म्हणतात देवमाणूस, घरासाठी झिजले. झिजले हे खरंच आहे, ओव्हरटाइम करून मुलांना शिकवलं, माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांचं सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. पण रागीट होते, जेवताना ताट सरकवून उठायचे, मुलं घाबरायची. मुलगा म्हणतो आई तू त्यांच्यावर लिही. मला खोटं लिहायचं नाही आणि त्यांची बदनामीही करायची नाही.

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचून मला तुमच्याबद्दल फार आदर वाटला. तुम्ही चार ओळींत जे लिहिलंत ना, ते दोन्ही एकत्रच खरं आहे आणि तसंच लिहायचं. सासूबाईंचं करणारे हात तेच आणि ताट सरकवणारे हात तेच. पुरुषाने आईचं अंथरुणातलं सगळं करणं आपल्या घरांमध्ये आजही फार कमी दिसतं, त्याबद्दल सविस्तर लिहा, सकाळी कोण काय करायचं, त्यांना ते कसं जमायचं, त्यांना कधी किळस आली का, कधी रडले का. रागाबद्दल विशेषणं नकोत, एक प्रसंग लिहा, आणि नंतर ते काय करायचे तेही, काही माणसं माफी मागत नाहीत पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या सायकलीत हवा भरून ठेवतात. तसं काही होतं का? नसेल तर नाही म्हणून लिहा. छापायचं काय हे नंतर ठरवा. आधी एका साध्या वहीत सगळं लिहून काढा, ती वही कोणाला दाखवायलाच पाहिजे असं नाही, मग त्यातलं जे मुलांसमोर मोठ्याने वाचता येईल ते वेगळं काढा. मुलं तेव्हा घाबरायची, आता मोठी झालीत, वडिलांचं खरं चित्र आईच्या तोंडून ऐकायला मिळालं तर त्यांनाही स्वतःचं काहीतरी बोलता येईल. नुसता देवमाणूस उभा केलात तर त्यांच्या लहानपणीच्या भीतीला जागाच उरत नाही आणि ती तशीच आत राहते.

लिहायला दिवस घ्या. घाई करू नका, मुलाला सांगा की मी लिहिते आहे, विचारत राहू नकोस.

प्रश्न : शोकसभेत मोठ्या काकांबद्दल दोन मिनिटं बोलायचंय, परवाच आहे, घाबरलोय. काकांनी आम्हा पुतण्यांना स्वतःच्या मुलांसारखं वाढवलं. काय बोलू?

उत्तर : एकच गोष्ट बोला. काकांनी तुमच्यासाठी केलेली, जागा आणि वेळ सांगून, जसं की कुठल्या वर्षी कुठल्या परीक्षेच्या आधी ते तुम्हाला घेऊन कुठे गेले आणि काय म्हणाले. त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत म्हणा, हिंदीत बोलले असतील तर हिंदीत. जन्म अमुक साली, नोकरी तमुक ठिकाणी हे दुसरे कोणीतरी सांगणारच आहेत. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, मोबाइलमध्ये बघून वाचू नका, स्क्रीन बंद पडते आणि हात थरथरत असेल तर सापडत नाही. घरी एकदा मोठ्याने वाचून बघा, दोन मिनिटांत साधारण दोनशे ते अडीचशे शब्द होतात, त्यापेक्षा जास्त नको. मध्ये रडू आलं तर थांबा, पाणी प्या, लोक थांबतात. सभेच्या आधी काकूंना विचारून घ्या की ही गोष्ट सांगितलेली चालेल ना, आणि बोलताना त्यांना ऐकू जाईल एवढा आवाज ठेवा.